पटावरचा भिक्खू: एकटा शूर की सोबत्यांचा सेवक?



सुट्टीत होस्टेलवरून घरी आलेली मुलगी जेवता जेवता सांगते, "आई, मी मंक झाले." आईच्या हातातला घास हातातच राहतो. पोर शिक्षण सोडून चीवर घेते की काय! मग उलगडा होतो की हे एका खेळातले आहे. खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. २०१६ साली नेटफ्लिक्सवर 'स्ट्रेंजर थिंग्ज' नावाची मालिका आली. तिच्यातली शाळकरी पोरे तळघरात बसून हाच खेळ खेळतात, आणि इंग्रजी मालिका पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही त्याची गोडी लागलेली दिसते.

यावर पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: यात आपल्या भिक्खूसंघाची थट्टा तर नाही ना? मुलांचा प्रश्न वेगळा आणि जास्त नेमका असतो: आमचा मंक दर लढाईत सगळ्यात आधी का पडतो? आज या दोन्ही प्रश्नांचा विचार करू. हे दोन प्रश्न वाटतात तितके एकमेकांपासून लांब नाहीत.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार. गोष्ट तो सांगतो. गावे, जंगले, चोर, राक्षस सगळे त्याच्या ताब्यात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात: कोणी तलवारबहाद्दर फायटर, कोणी जादूगार, कोणी मंक. पात्राची सगळी माहिती एका कागदावर लिहिलेली असते. आपले पात्र काय करते ते तोंडाने सांगायचे, आणि ते जमले की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. कॅरम किंवा बुद्धिबळासारखी इथे हारजीत नाही. सूत्रधार सोडला तर सारे खेळाडू एकाच टोळीतले असतात. ही गोष्ट विसरली की मंक बिघडलाच म्हणून समजा.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन हे त्याचे कर्ते. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, 'ब्लॅकमूर' नावाच्या पुरवणीत मंक हे पात्र आले. तो काळ अमेरिकेत कुंग फूच्या लाटेचा होता. १९७२ ते १९७५ 'कुंग फू' नावाची मालिका तिकडे टीव्हीवर चालली. शाओलिन विहारात वाढलेला, अर्धा चिनी असा तिचा नायक. पण ते काम दिले डेव्हिड कॅराडाइन या गोऱ्या नटाला. वेष पूर्वेचा आणि माणूस पश्चिमेचा. खेळातला मंकही त्याच मुशीतला आहे. तो साँचीहून आला नाही, नालंद्याहूनही नाही. तो आला पडद्यावरून.

शाओलिन विहार मात्र खराखुरा आहे. चीनच्या हेनान प्रांतात इ.स. ४९५ च्या सुमारास तो स्थापन झाला, तोही भारताकडून आलेल्या एका भिक्खूसाठी. इ.स. ६२१ मध्ये तिथल्या भिक्खूंनी ली शिमिन या तांग घराण्याच्या राजपुत्राला युद्धात मदत केली आणि तिथल्या ७२८ सालच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. तेव्हा लढणारे भिक्खू ही निव्वळ बाजारगप्प नव्हे. पण तो नियम नव्हता, अपवाद होता. विनयात भिक्खूने रागाने दुसऱ्या भिक्खूला मारणे हा पाचित्तिय दोष आहे. भिक्खूच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, पात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळायचे फडके आहे. शस्त्र एकही नाही.

म्हणून पालकांना मी सांगेन: यात थट्टा नाही, अज्ञान आहे. आणि अज्ञानावर बंदी घालून भागत नाही. आपल्या घरातल्या मुलाला खरे काय ते ठाऊक असेल, तर त्या टेबलावर भिक्खू म्हणजे काय हे बाकीच्यांना तोच दाखवील.

अज्ञानाचा एक मासला पाहा. १९७८ च्या पुस्तकात मंकसाठी एक चमत्कारिक नियम होता. वरच्या पायऱ्यांवर जागा मोजक्याच. तिथे आधीपासून बसलेल्या मंकला द्वंद्वात हरवले तरच आपल्याला वर चढता येई. सगळ्यात वरच्या जागेचे नाव 'ग्रँड मास्टर ऑफ फ्लॉवर्स', आणि तिथे जगात एकच जण. हे तर सरळ गादीचे भांडण झाले! भगवंताच्या संघात ज्येष्ठपण कसे ठरत असे? उपसंपदा कोणी आधी घेतली त्यावर. शाक्य राजपुत्रांनी न्हावी असलेल्या उपालीला आधी दीक्षा द्यायला लावली, म्हणजे पुढे राजपुत्रांनी न्हाव्याला वंदन करावे. आपल्या घराघरांत सांगितली जाणारी ही गोष्ट त्या खेळाच्या कर्त्यांना ठाऊक असती, तर तो नियम बहुधा झालाच नसता. असो. पुढच्या आवृत्त्यांत तो नियम गेला.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. मी जे आकडे सांगतो आहे ते २०२४ साली आलेल्या सुधारित नियमांचे आहेत. तुमच्या टेबलावर २०१४ चे पुस्तक चालत असेल तर काही ठिकाणी फरक पडेल.

प्रत्येक पात्राचे सहा गुण असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. नवशिक्यांसाठी सहा आकडे ठरवून दिले आहेत: १५, १४, १३, १२, १०, ८. कोणता आकडा कुठे लावायचा ते आपण ठरवायचे. ठोसे मारायचे आहेत म्हणून पुष्कळ मुले ताकदीला १५ देतात आणि तिथेच फसतात. मंकचा ठोसा चपळाईवर चालतो, ताकदीवर नाही. चपळाईला १५, शहाणपणाला १४, काटकपणाला १३ द्या. ताकदीला ८ राहिले तरी बिघडत नाही.

शहाणपण का? मंकच्या अंगावर चिलखत नसते, हातात ढाल नसते. त्याच्या बचावाचा आकडा असा निघतो: दहा, अधिक चपळाईची भर, अधिक शहाणपणाची भर. गुण १२ असेल तर भर एकाची, १४ ला दोनाची, १६ ला तीनाची. मधल्या विषम आकड्याला जास्त काही मिळत नाही. पात्राचे पूर्वायुष्य निवडताना 'गाइड' म्हणजे वाटाड्या घेतला, तर चपळाईत दोन आणि शहाणपणात एक वाढवता येतो. चपळाई १७, शहाणपण १५. बचाव झाला दहा अधिक तीन अधिक दोन, म्हणजे १५. आता विषम आकडे मुद्दाम ठेवण्यातली गंमत पाहा. चौथ्या पायरीवर गुणांत आणखी दोनाची वाढ घेता येते. एक चपळाईला, एक शहाणपणाला द्या: १८ आणि १६. दोन्ही भरी एकेकाने वाढल्या आणि बचाव एकदम १७ झाला. खेळात ज्याला शहाणपण म्हटले आहे ते म्हणजे आपली प्रज्ञा नव्हे, बरे का. आजूबाजूला काय चालले आहे ते टिपणे, समोरचा खोटे बोलतो आहे का ते ओळखणे, या गोष्टी त्यात येतात. आपल्या शब्दांत ते स्मृतीच्या, सजगतेच्या जवळचे आहे.

हत्याराचा फार विचार करू नका. दोन चांदीच्या नाण्यांत मिळणारी साधी काठी सुरुवातीला पुरते. दोन्ही हातांनी काठी मारली तर आठ बाजूंचा फासा, आणि जादा कृती म्हणून त्यामागोमाग लाथ किंवा ठोसा, त्याला सहा बाजूंचा.

आता तो का पडतो ते पाहू. पहिल्या पायरीवर मंकच्या जीवाचे पॉइंट आठ, अधिक काटकपणाची भर; आपल्या हिशेबाने नऊ. फायटरचे दहापासून सुरू होतात, बार्बेरियनचे बारापासून. फायटर साखळीचे चिलखत आणि ढाल घेऊन आला तर त्याचा बचाव पहिल्याच दिवशी १८. असे असताना आपला पोरगा मंकला घेऊन सगळ्यांच्या पुढे दारात जाऊन उभा राहतो. सिनेमातला नायक एकटाच पन्नास जणांना लोळवतो ना! दोन-तीन फेऱ्यांत तो जमिनीवर, आणि मग तक्रार की मंक कमजोर आहे. दार अडवणे हे मंकचे कामच नाही. दार फायटरने अडवावे.

मग मंकची ताकद कशात? त्याच्या पायांत. दुसऱ्या पायरीपासून साध्या माणसाच्या तीस फुटांऐवजी तो एका वेळी चाळीस फूट जातो. जादा कृती वापरून आणखी चाळीस फूट धावू शकतो, आणि मुख्य कृती तरीही हातात शिल्लक राहते. किंवा त्याच जादा कृतीत शत्रूच्या तावडीतून फटका न खाता निसटू शकतो. २०१४ च्या नियमांत या दोन्हींसाठी पॉइंट मोजावा लागे. आता फुकट आहे. म्हणजे मारा आणि सटका. मारून तिथेच छाती काढून उभे राहिलात तर नऊ पॉइंटांचा जीव किती टिकणार?

दुसऱ्याच पायरीवर फोकस पॉइंट सुरू होतात. २०१४ च्या पुस्तकात यांना 'की' असे नाव होते, २०२४ मध्ये ते 'फोकस' झाले. जितकी पायरी तितके पॉइंट. दुसऱ्या पायरीवर दोन, पाचव्यावर पाच. संपले की तासाभराची विश्रांती घेतल्यावर परत मिळतात. एक पॉइंट दिला की एका जादा ठोशाऐवजी दोन मारता येतात. मुले पहिल्याच किरकोळ चोरावर सगळे पॉइंट उधळतात आणि खरा राक्षस आला की हात चोळत बसतात. एक तारखेला आलेला पगार आठ तारखेला संपवणारा माणूस आपण पाहिलेला असतो. मुलाला तेवढा दाखला पुरेल. माझे मत विचाराल तर पहिल्या चार पायऱ्यांवर दोन ठोशांच्या मोहात पडू नका. अंगावर गर्दी आली तर एक पॉइंट देऊन निसटता येते आणि सोबत बचावाचा पवित्राही मिळतो; त्यासाठी राखून ठेवा.

पाचव्या पायरीवर मंक खऱ्या अर्थाने मंक होतो. त्याला सुन्न करणारा ठोसा मिळतो. ठोसा लागला की एक पॉइंट देऊन समोरच्याला काटकपणाचा फासा टाकायला लावायचा. आपण घडवलेल्या मंकविरुद्ध त्याला एकूण १४ आणावे लागतात. न आणले तर मंकची पुढची पाळी येईपर्यंत तो शत्रू कोणतीही कृती करू शकत नाही, आणि त्याच्यावर हल्ला करणाऱ्या प्रत्येकाला दोन फासे टाकून त्यातला मोठा घेता येतो. जमले नाही तरी अगदी वाया जात नाही: शत्रूचा वेग निम्मा होतो आणि त्याच्यावरच्या पुढच्या एका हल्ल्याला तोच फायदा मिळतो. कोणाला मारायचे हेही कळले पाहिजे. धिप्पाड राक्षसावर हा ठोसा फुकट घालवू नका, त्याचा काटकपणाच मोठा असतो. मागे उभा राहून मंत्र टाकणारा किडकिडीत जादूगार शोधा. चाळीस फूट धावत त्याच्यापर्यंत पोहोचणारा टोळीत मंकच. जादूगार सुन्न झाला की त्याने मन एकाग्र करून चालू ठेवलेली जादूही तुटते.

यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. सुन्न करून मंकचा जितका फायदा, त्याहून जास्त त्याच्या सोबत्यांचा. मोठा घाव फायटर घालणार, त्याला वाट करून देणार मंक. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत भिक्खूविषयी एक प्रश्न उभा केला आहे: भगवंताला भिक्खूच्या रूपाने परिपूर्ण माणूस घडवायचा होता, की लोकांची सेवा करणारा, त्यांचा मित्र आणि मार्गदर्शक होणारा समाजसेवक? स्वतःपुरते परिपूर्ण होऊन बसलेल्या भिक्खूचा धम्माच्या प्रसाराला उपयोग नाही, असा त्यांचा रोख आहे. खेळाच्या २०१४ च्या पुस्तकात मंकच्या विसाव्या, म्हणजे शेवटच्या पायरीवरच्या शक्तीचे नावच 'परफेक्ट सेल्फ' होते, परिपूर्ण स्व. मिळत काय होते? लढाई सुरू होताना 'की' अगदी संपलेली असेल तर चार पॉइंट! वीस पायऱ्या चढून परिपूर्ण झालेल्या माणसाच्या हाती एवढेच. पाचव्या पायरीवर सोबत्यांच्या कामी येणारा मंक त्याहून जास्त देतो, असे मला खेळाच्या दृष्टीनेही वाटते.

म्हणूनच तिसऱ्या पायरीवर मार्ग निवडायची वेळ येते तेव्हा माझी शिफारस 'वॉरियर ऑफ मर्सी'ची आहे, करुणेच्या मार्गाची. बाकी तीन आहेत: 'ओपन हँड'वाला शत्रूला पाडतो, ढकलतो, 'शॅडो'वाला अंधारात वावरतो, 'एलिमेंट्स'वाला लांबून मारतो. ज्याला जे आवडेल ते घ्यावे. पण मर्सीच्या मंकला जखमा बऱ्या करता येतात. एक फोकस पॉइंट देऊन सोबत्याला हात लावला की त्याच्या जीवाचे पॉइंट वाढतात. दोन ठोशांसाठी पॉइंट दिलेला असेल तर त्यातल्या एका ठोशाच्या जागी वेगळा पॉइंट न देता हाच स्पर्श करता येतो, म्हणजे एका हाताने मारायचे आणि दुसऱ्याने बरे करायचे. सहाव्या पायरीवर त्याच स्पर्शाने विषबाधा किंवा आंधळेपणही उतरवता येते. तक्षशिलेत शिकून आलेल्या जीवकाची आठवण यावी असे हे पात्र आहे. आजारी पडलेल्या, कोणीच न विचारलेल्या भिक्खूला भगवंतांनी स्वतःच्या हातांनी धुतले, निजवले, ही कथा मुलांना ठाऊक असेलच. नसेल तर आज रात्री सांगा.

मर्सीचा मार्ग नसला तरी एक काम कोणताही मंक करू शकतो, आणि ते मला सगळ्यात मोलाचे वाटते. जीवाचे पॉइंट शून्यावर आले की पात्र लगेच मरत नाही. दर पाळीला फासा टाकते, आणि तीनदा दान पडले नाही तर संपते. मंकला सुरुवातीच्या सामानासोबत अकरा सोन्याची नाणी मिळतात. त्यातल्या पाच नाण्यांत औषधोपचाराची पिशवी येते, दहा वेळा वापरता येणारी. ती आधी घ्या. मग हिशेब करा: चाळीस फूट साधी चाल, जादा कृतीत आणखी चाळीस, आणि उरलेल्या मुख्य कृतीत पडलेल्या सोबत्याला पिशवीतले औषध. ऐंशी फुटांवर पडलेल्या माणसाचे मरण एका पाळीत थांबवता येते, फासाही टाकावा लागत नाही. ज्या पोराने आपल्या मैत्रिणीचे सहा महिने जपलेले पात्र असे वाचवले, त्याचा मंक कमजोर आहे असे ते टेबल पुन्हा म्हणणार नाही.

पहिल्या शीलाचे काय, असे काही माता नक्की विचारतील. खेळ लढाईचा आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण नियमात एक सोय आहे आणि ती फार थोडी मुले वापरतात. जवळून हाताने किंवा हत्याराने मारलेला शेवटचा फटका असेल, तर शत्रूला ठार न करता बेशुद्ध पाडता येते. फक्त तसे सांगायचे. लांबून बाण मारणाऱ्याला ही सोय नाही. हातापायांनी लढणाऱ्या मंकला ती बहुतेक नेहमीच असते. बेशुद्ध पाडलेला चोर शुद्धीवर येतो, बोलतो, त्याची टोळी कुठे लपली ते सांगतो. सूत्रधारालाही गोष्ट पुढे न्यायला धागा मिळतो. प्राण न घेणारा मंक दुबळा खेळतो, हा गैरसमज आहे.

पात्राची गोष्ट रचताना आपल्या मुलांकडे इतरांपेक्षा मोठी शिदोरी आहे. बाकीची मुले लिहितात: डोंगरावरच्या मठात वाढला, गुरूचा खून झाला, सूड घ्यायला निघाला. तेच तेच. आपल्याकडे रस्ते झाडणारा सुनीत आहे, न्हावी उपाली आहे. अंगुलिमाल तर आहेच: माणसे मारून बोटांची माळ घालणारा, आणि भिक्खू झाल्यावर भिक्षेला गेला असता लोकांचे दगड मुकाट्याने सोसणारा. हातात ताकद असून जो आता मारत नाही, असा माणूस टेबलावर आणून पाहा. मात्र एवढे पाळा: पात्राला या थेरांची नावे देऊ नका. नाव काल्पनिक ठेवा, गुण त्यांचा घ्या. खेळात गंमत होते, पात्र कधी चिखलात पडते, कधी कोणी हसते. वंदनीय नावांची तिथे ओढाताण नको. सामानाच्या यादीत सुई-दोरा आणि पाणी गाळायचे फडके अवश्य लिहा. कोणी विचारले, हे कशाला, तर सांगायला चांगले निमित्त मिळते.

खर्चाची काळजी असेल तर ती करू नका. या खेळाचे मूळ नियम कंपनीने मोफत वाचायला खुले केले आहेत: २०१४ च्या आवृत्तीचेही आणि नव्या आवृत्तीचेही. इंग्रजीत आहेत, पण बारावीच्या मुलाला झेपतील. नव्या मोफत नियमांत मंक आहे, मार्ग मात्र फक्त 'ओपन हँड'चा. मर्सी आणि वाटाड्या विकतच्या पुस्तकात आहेत. टेबलावर एकाकडे पुस्तक असले तरी सगळ्यांचे भागते. पात्राचा कागद शाळेच्या वहीत आखता येतो. सहा बाजूंचा फासा लुडोच्या डब्यात असतोच. वीस बाजूंचा विकत घेण्याआधी जाड पुठ्ठ्याचे सारख्या मापाचे वीस तुकडे कापा, त्यांवर १ ते २० आकडे लिहा आणि डब्यात घालून न बघता एक काढा. आठ आणि दहा बाजूंच्या फाशांसाठीही तसेच. तुकडा काढून आकडा वाचला की तो लगेच डब्यात परत टाकून हलवायचा, नाहीतर पुढच्याचा हिशेब चुकेल.